सर्व्हरवर नसलेला फॉन्ट

शिरूर-दौंड एसटीत पुढच्या बाकावर छापखान्यातली दोघं होती. मुलीच्या मांडीवर प्रश्नपत्रिकांचा सीलबंद गठ्ठा होता.

"मामा, तो नवा मराठी फॉन्ट मी माझ्याच मशीनवर टाकलाय."

"सर्व्हरवर न्हाई?"

"भ्या वाटलं. सर्व्हर बिघडला तर आठही मशीनं बसली असती."

"अगं रश्मी, फॉन्ट सर्व्हर कशापायी हाय? फॉन्ट एकदा तिथं टाकला की आठही मशीनांना तेच अक्षर मिळतं. छापलं कुठनं?"

"शेजारच्या टेबलावरल्या हर्षदाच्या मशीनवरनं. प्रिंटर तिच्याच मशीनला जोडलाय."

"मग मराठीच्या जागी इंग्रजी खुणाच आल्या असतील की!"

"म्हणून तर आत्ता तुम्हाला सांगितलं."

"छापताना कुणी बघितलं न्हाई?"

"पेपर हाय, मामा. पानं पालथीच काढायची, न वाचता सील करायची. तुम्हीच शिकवलंय."

"परीक्षा कवा?"

"उद्या अकराला. चारशे पोरं हायेत."

"फोड सील."

"फोडलं तर नोकरी जाईल माझी."

"दे हिकडं. माझ्या हातनं फुटलं म्हण."

कागद फाटल्याचा आवाज आला.

"काय दिसतंय, मामा?"

"कंडक्टर, गाडी थांबवा. आमाला माघारी शिरूरला जायचंय."