गढीला ‘येते’ म्हणू नये

हं, ऐका. हुंकार देत राहा, नाहीतर मलाच झोप लागायची.

आपल्या शिवारात ती वाटोळी गढी आहे ना? नुसता मातीचा गोल बांध, आत बोरी-बाभळी. कुणी बांधली, देव जाणे! पण आजवर तिथं नांगर घालायची कुणाची छाती झाली नाही.

तर आपली भागाआत्या, सुईण. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. एकदा दिवेलागणीला सांगावा आला, वाडीवर तिच्याच लेकीला, सुंद्राला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर! सडकेनं लांब पडतं म्हणून आत्या गढीवरून निघाली.

गढीच्या खिंडारात एक म्हातारी. हातात दिवा. "दमलीस बाई. पानी पिऊन जा."

"नगं माय, घाई हाय. येते हं!"

चालली, चालली. अन् पुढं काय? तेच खिंडार! तीच म्हातारी!

"आलीस? गूळ तरी खा."

"लेक अडलीया माझी. येते!"

पुन्हा चालली. पुन्हा तिथंच! आता तर आतून तान्ह्याचं रडणं. म्हातारी म्हणते, "नात झाली तुला. ये की आत."

आत्याचं पाऊल उचललं. खरंच उचललं! पण जन्मभर पोरं रडवलेली बाई ती. पहिलं रडणं ओलं असतं, घशात पाणी घेऊन येतं. हे कोरडं होतं. तिनं पाऊल मागं घेतलं.

"मला का अडवतीस गं?"

"म्या कुटं अडवते? तूच म्हनतीस येते, अन् येतीस."

आत्ता उजेड पडला! पण ‘जाते’ म्हणायचं कसं? आपल्यात मरणारं माणूससुद्धा तसं म्हणत नाही. अन् तिकडं लेकीचा जीव टांगणीला! आत्याची जीभ रेटेना. शेवटी डोळे मिटले, येईल ते अशुभ स्वतःवर घेतलं अन् म्हणाली, "मी जाते. माझी मी एकलीच जाते."

दिवा विझला. समोर वाडीचं कुत्रं भुंकत होतं.

पहाटे सुंद्रा सुटली. नातच झाली. रडली ती मात्र ओलं.

आत्या पुढं वीस वर्षं जगली. शेवटच्या घटकेला नातीचा हात धरून म्हणाली, "येते गं. जाते म्हनून झालंय माझं."

उठा आता. सडकेनं जा, गढीच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. अन् माझ्या दारातून निघताना मात्र ‘येतो’ म्हणा, बाबांनो.