वरची खोली

घरातली खोली पर्यटकांना द्यायची, तर आधी नोंदणी करावी लागते. त्यासाठीच्या रांगेत शिंपीणबाई आपला अर्ज घेऊन उभ्या होत्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं अर्ज भरत बसलं होतं.

“अगं, इथं विचारलंय, पाहण्यासारखं काय आहे?”

“लिहा, एका खिडकीतून शहरातले टॉवर दिसतात आणि दुसरीतून आमची वांगी.”

“वांगी बघायला कोण मरायला येतंय?”

“परवा ते गाडीवाले वांग्यांसोबत फोटो काढून गेले, विसरलात?”

“बरं बाई, लिहिलं. खोली वरचीच द्यायची ना?”

“ती लेकाची आहे.”

“वर्षातून चार दिवस येतो तो. आला की वर जातो, तो थेट जेवायलाच खाली उतरतो.”

“तरी ते चार दिवस सोडून लिहा. पाहुणे असले तर तो झोपेल कुठं?”

“खाली. आपल्याजवळ, लहानपणी झोपायचा तसा.”

“आपल्याजवळ?”

“मग काय गोठ्यात?”

शिंपीणबाईंनी हळूच मान वळवली, तर म्हातारी अर्जावर बोट ठेवून बसली होती.

“अहो, चार दिवस सोडू नका. खोली बाराही महिने मिळेल, असं लिहा.”