दृढीकरणाची तालीम

...नाही, पंखा वाढवू नका, हा घाम उकाड्याचा नाहीच आहे! मला आधी बोलू द्या, शनिवारपासून हे माझ्या छातीत अडकलंय, आणि आमचे आनंद म्हणतात, ‘शलाका, झालं ते झालं, आता गप्प बस!’ गप्प? पोटच्या पोरीनं भर देवळात, आमच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांना तोंडावर ‘नाही’ म्हणून सांगितलं आणि मी गप्प बसू? आणि पोरगी कुठल्या घरातली? रोज रात्री आठच्या ठोक्याला कौटुंबिक प्रार्थना होणाऱ्या घरातली!

आता तुम्ही म्हणाल, कशाला नाही म्हणाली? थांबा, सांगते. तर आमची मोहना, पंधरा पूर्ण, सोळावं लागलंय. तुम्हाला सांगते, या पोरीला मी अगदी डोळ्यांत तेल घालून वाढवली. मालिका नाहीत, मोबाइल आठनंतर कपाटात, मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये जायचंय? आधी एक स्तोत्र पाठ म्हणून दाखव, मग जा! अहो, वाढदिवसाची मेणबत्तीसुद्धा आमच्याकडे प्रार्थना झाल्याशिवाय विझत नाही, केकवर मेण गळतं, आम्ही मेणासकट खातो! कशासाठी? तर बाप्तिस्म्याच्या वेळी, दोन महिन्यांची ही पोर हातात घेऊन मी देवळात उभी राहिले होते आणि कबूल केलं होतं, की हिला विश्वासात वाढवीन. पण बडोद्यात राहून पोरीला जगाच्या मोहापासून जपायचं, हे काय खायचं काम आहे? आणि त्यात नवरात्र!

आमच्या खिडकीसमोरच गरब्याचं मैदान. आठ वाजतात, आनंद नंदेसरीच्या कारखान्यातून दमून आलेले, डोळे मिटतात, ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणतात आणि नेमका तेव्हाच ढोल! मी खिडक्या लावल्या. फटींत टॉवेल कोंबले. आम्ही तिघं आत शिजतोय, आनंद आजाऱ्यांची नावं घेताहेत, त्यांची यादी ही एवढी, आणि मध्येच मोहना हळूच म्हणते, ‘मम्मी, तुझा पाय हलतोय.’ माझा? छे! वाकून बघते तर... अहो, बडोद्यात जन्मलेला पाय तो, त्याला काय कळतंय? मी दुसरा पाय त्याच्यावर दाबून ठेवला. तर दोन्ही हलायला लागले!

आणि शेजारी मंदाकिनीकाकू. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतलं माहेर, मोठ्या मनाची बाई, पण बोलणार ते अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं. ‘शलाका, छोकरीला पाठव ने माझ्यासोबत! आमच्या नातीची, सानवीची चणिया-चोळी हिला बराबर बसेल!’ मी म्हटलं, काकू, तुमची भक्ती, तुमचा उत्सव, आम्हाला मान आहे, पण आमच्यात चालत नाही हो. ‘सारू, सारू,’ म्हणाल्या, आणि मोहनाच्या गालाला हात लावून गेल्या. मला वाटलं, मिटलं.

मिटलंय कसलं! रविवारी मोहनाचं दृढीकरण. म्हणजे लहानपणी तिच्या वतीनं आम्ही दिलेली वचनं आता तिनं स्वतःच्या तोंडानं मंडळीसमोर द्यायची. नवरात्रातलाच रविवार! मी म्हटलं, उत्तम, मोहाच्या नाकावर टिच्चून! मांडवीच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालून पांढरं कापड आणलं, नगरहून नणंद आली, चाळीस माणसांची बिर्याणी सांगितली. आणि शनिवारी संध्याकाळी देवळात तालीम. पाच मुलं ओळीनं उभी, मागच्या बाकांवर आम्ही आईबाप, आणि पाळकसाहेब आपल्या संथ आवाजात एकेकाला विचारताहेत, ‘जगाचा डामडौल आणि त्याचे मोह तू सोडून देतोस काय?’ ‘हो, सोडतो.’ ‘तू?’ ‘हो, सोडते.’ चार पोरांनी पाढे म्हटल्यासारखं म्हणून टाकलं. पाचवी आमची. ‘मोहना, तू?’

‘नाही, साहेब.’

पाळकसाहेबांना वाटलं, पोर ओळ विसरली. ‘घाबरू नकोस बाळा, हो, सोडते...’ तर म्हणते कशी, ‘विसरले नाही. पण मला गरबा खेळायचाय. मी काकूंच्या गच्चीवर सगळी पावलं शिकले. चणिया-चोळी घालून बघितली, आरशासमोर अर्धा तास उभी होते. उद्या कुणी नेलं तर मी जाईन. मग सोडते असं देवाला कसं सांगू?’

प्रभू! हे मी काय ऐकतेय! गच्चीवर? ही तर वाळलेले कपडे काढायला जायची! आणि मी कौतुक करायची, बघा, पोरगी आता घरात हातभार लावते! रोज आठला कौटुंबिक प्रार्थना होणाऱ्या घरातली पोर, आणि साडेसहाला गच्चीवर गरबा!

मी उठले, तिच्या दंडाला धरलं आणि ओढत नेली पार दाराशी, चपला काढतात तिथं. म्हटलं, अगं बये, ‘हो’ म्हण! ती म्हणते, ‘पण मम्मी, ते खरं नाहीये.’ म्हटलं, खरं-खोटं नंतर बघू, नगरची आत्या आलीय! ती म्हणते, ‘म्हणजे देवासमोर खोटं बोलू?’ आणि मी... ऐका, मी काय म्हणाले ते ऐका... मी म्हणाले, ‘एकदाच बोल! सगळे बोलतात! मी नव्हते का बोलले?’

आमचं देऊळ जुनं. छत उंच. तिथं शिंकलं तरी चार वेळा ऐकू येतं. ‘मी नव्हते का बोलले... का बोलले... बोलले...’ अहो, थांबेचना ते! सगळी बाकं वळून माझ्याकडे बघताहेत, आनंद स्तोत्रांच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलेत, आणि माझी पोर... तिच्या डोळ्यांत पाणी. खरं सांगू? तिच्या ‘नाही’नं धक्का बसला तो बसलाच, पण माझ्या तोंडून जे निघालं ना, तो धक्का त्याहून मोठा. मला लाज वाटली हो. पंधरा वर्षं मी तिला खोटं बोलू नको म्हणून शिकवलं, आणि ती शिकली तर मीच तिला झापतेय!

पाळकसाहेब चालत आले. चिडले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, ‘मोहना, प्रश्न तुला नीट कळलाय. गरब्याचं आपण बसून बोलू. वचन मनापासून देता येईल तेव्हा ये, प्रभू थांबतो.’ मी म्हटलं, साहेब, हिला पुन्हा दृढीकरणाच्या वर्गाला पाठवते, बुधवारीच पाठवते! तर म्हणाले, ‘तिला नको. तुम्ही या.’

मी!

रविवारी चार मुलांचं दृढीकरण झालं, पाचव्या मुलीच्या घरी चाळीस माणसं बिर्याणी जेवली आणि नणंद जाताना म्हणाली, ‘वहिनी, मसाला छान होता हो.’ नुसता मसाला! त्याचा अर्थ मला कळतो.

आणि काल बुधवार. पुढच्या तुकडीची बारा-तेरा वर्षांची पोरं, त्यांच्यात मी, गुडघे बाकाला आपटताहेत. रविवारीच मिळालेला गृहपाठ मोहनानं तपासून दिलेला. दोन चुका काढल्या, वर म्हणते, ‘मम्मी, चालशे, पहिलाच दिवस आहे.’ पाळकसाहेबांनी पहिलाच प्रश्न मला विचारला, ‘शलाकाताई, जगाचा डामडौल आणि त्याचे मोह तुम्ही सोडून देता काय?’

मी छाती भरून ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि आठ वाजले. लांबून ढोल सुरू झाला. शेजारचं एवढंसं पोरगं वाकून बाकाखाली बघतं, आणि मला म्हणतं, ‘आंटी, तुमचे पाय...’

खोटं बोलायचं नाही, एवढं तर आता शिकलेय. म्हटलं, ‘साहेब, मला दसऱ्यानंतर विचारा.’

मग जरा विचार केला, आणि म्हटलं, ‘नाही... शरद पूनमचा गरबाही होऊन जाऊ दे.’