लोइस बोलायची, मी ऐकायचे

जाऊ दे तिला, बिचारीला इंग्रजी येत नाही, असं ती म्हातारी बाई म्हणाली. मी फुटपाथवर उभी होते, एका हातात माझ्या साडीचा पदर आणि दुसऱ्या हातात तिच्या दुकानातला कापडाचा अख्खा तागा. झालं असं, की कापड आवडलं म्हणून मी तो तागा उचलला आणि सरळ दाराबाहेर गेले, रंग उजेडात बघायला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. मागून एक गिऱ्हाईक बाई ए, ए करत धावत आली, आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. तेव्हा दुकानाची मालकीण बाहेर आली, तीच लोइस. तिने पदराकडे बघितलं, ताग्याकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं आणि त्या बाईला म्हणाली, चोरतबिरत नाहीये ती, रंग बघतेय. आणि मग ते इंग्रजीचं म्हणाली. अर्धं तिला अगदी बरोबर कळलं होतं, अर्धं साफ चूक. पण मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की मी नुसती मान डोलावली. आता ती मान मी नेमकी कशाला डोलावली, ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणालात सुरुवातीपासून सांग, तर मी सांगलीची. केतकी माझं नाव. आईचं मॅचिंग सेंटर होतं, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, एवढंच. शाळेतून आले की मी काउंटरमागे स्टुलावर बसायचे. आमच्याकडे बायका पिशवीतून साडी काढायच्या, आई चार ताग्यांमधून बरोबर एक ओढायची, आणि बाई तो तागा घेऊन दारात जायची, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो म्हणून. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नसे. त्यामुळे अमेरिकेतही मी तेच केलं, हे माझं मलाच त्या फुटपाथवर कळलं.

आणि इंग्रजी मला येत होतं हो. कॉन्व्हेंटची मुलगी मी, केजीपासून. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि इंग्रजीत चुकलं की वर्ग हसायचा, म्हणून मी आपली गप्प राहायला शिकले. वाचायचे भरपूर, लिहायचे बरं, पण चार लोकांत बोलायची वेळ आली की मी मागे सरकायचे. लग्न होऊन दोन हजार एकच्या शरद ऋतूत आले मी इथे. निनाद, म्हणजे माझा नवरा, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होता. गाव लहानसं, ॲन आर्बरपासून तासाभरावर, मिशिगनमध्ये. विमानं आदळून ते टॉवर नुकतेच पडलेले, ते दिवसच असे होते की लोक एकमेकांकडे जरा जपून बघत होते, आणि मी तर कपाळाला टिकली लावून हिंडणारी.

मेन स्ट्रीट म्हणजे एवढीशीच. एका टोकाला बँक, दुसऱ्या टोकाला रेल्वेचा पूल. मध्ये हार्डवेअरचं दुकान, त्याच्या खिडकीत एक जाडं मांजर रंगाच्या डब्यांवर झोपलेलं असायचं. बेकरी, न्हावी, फोटो धुऊन देणारा, व्हिडिओ कॅसेटचं दुकान, आणि लोइसचं कापडाचं. माझा डिपेंडंट व्हिसा, काम करायची परवानगी नाही, गाडी निनाद घेऊन जायचा. मग मी रोज चालत लोइसकडे जायला लागले. बसायचे, विस्कटलेले तागे गुंडाळून ठेवायचे. तिथल्या रंगांना मी मनातल्या मनात आपली नावं देत असे, हा आमसुली, हा अबोली, हा चिंतामणी. बाहेर बर्फ पडून राहिलेलं असायचं आणि त्याचा पांढरा उजेड वर छतावर यायचा, खालून वर. तसा उजेड मी सांगलीत कधी बघितला नव्हता. त्या उजेडात सगळं दुकान पाण्यात बुडाल्यासारखं दिसायचं.

आणि लोइस बोलायची. काय सांगू तुम्हाला, कशी बोलायची! मला कळत नाही असं समजून बोलायची ना, त्यामुळे तिला कसलाच संकोच नव्हता. हातात कात्री, डोळे खिडकीबाहेर. म्हणायची, केटी, केतकी तिला जमायचं नाही, केटी, तो फोटोवाला दिसतो ना, तिथे माझ्या लहानपणी बुटांचं दुकान होतं, आणि त्यात एक एक्स-रेचं मशीन होतं, त्यात पाय घातला की आपल्याच पायाची हाडं हिरवी हिरवी चमकताना दिसायची. मी रोज शाळा सुटली की जायचे माझी हाडं बघायला. मग बेकरीच्या जागी काय होतं ते सांगायची, मग थिएटर कसं जळलं ते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव राखेत आपापल्या खुर्च्या शोधायला कसं गेलं होतं ते. ती एकेक दुकान उभं करायची आणि मला ते दिसायचं. फोटोवाल्याच्या काचेमागे मला बुटांचे खोके दिसायचे. घरी चालत येताना मी दोन गावांमधून यायचे, एक होतं ते आणि एक आत्ताचं.

एकदा तिने मला बसचं सांगितलं. मुलगी लहान होती तिची, कॅरल. एका सकाळी नवरा आणि मुलगी झोपलेली असताना ही बॅग भरून औषधाच्या दुकानासमोर बसची वाट बघत बसली होती, कायमची जायला. तर तो औषधवाला बाहेर आला, काही न विचारता तिला सोडा दिला, बर्फ घालून, आणि शेजारीच रस्ता झाडत राहिला. सोडा संपला, ती बॅग घेऊन घरी गेली आणि नाश्त्याला अंडी केली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही केटी, म्हणाली, तुलाही सांगत नाहीये तसं बघितलं तर. आणि हसली.

आता तुम्ही सांगा, त्यानंतर मी कशी तोंड उघडणार? मी बोलले असते तर तिला कळलं असतं की मला सगळं कळतं, पहिल्या दिवसापासूनचं. ती गप्प झाली असती. आणि त्या गावात माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. निनाद बोलायचा, पण तो दमून यायचा हो. खोटं मी कधी बोलले नाही, मी बोललेच नाही. लायब्ररीतून इंग्रजी कादंबऱ्या आणायचे, त्या मात्र दुकानात जाताना पिशवीत लोकरीखाली दडवायचे.

निनादला मजा वाटायची. एकदा मला घ्यायला आला तर लोइस त्याला म्हणते, फार गोड मुलगी आहे, तिला थोडं इंग्रजी शिकवत जा रे. हा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. म्हणाला, यार, तुझ्या बाबांना फोन करून सांगतो, केजीपासूनचं सगळं पाण्यात गेलं. मी म्हटलं, तू तिला काही सांगायचं नाहीस हं. तो म्हणाला, मी कशाला सांगू, तूच सांगशील कधीतरी. ॲन आर्बरला मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो की तिथल्या सुलभाकाकू विचारायच्या, काय गं, तुझी मैत्रीण काय म्हणते, आणि तू काय म्हणतेस? सगळ्या हसायच्या. मी त्यांच्या साड्यांना फॉल लावून द्यायचे, लोइसकडच्या सुती कापडाच्या पट्ट्या कापून. काकू म्हणायच्या, गोऱ्यांच्या कापडाला आमची पैठणी टेकली गं बाई.

मी सराव करत नव्हते असं नाही. स्वयंपाकघरात भांडी घासताना म्हणून बघायचे, लोइस, मला तुला काहीतरी सांगायचंय. दुकानात पोचले की ती आधीच काहीतरी सांगायला लागलेली असायची, आणि मला ते ऐकायचं असायचं.

मग हायवेला ते प्रचंड मोठं दुकान झालं. तुम्हाला माहितीय तसली दुकानं, एका टोकाला टायर, दुसऱ्या टोकाला केळी. खरं सांगू, माझ्यासारखीला ते फार सोयीचं. ट्रॉली ढकला, वस्तू घ्या, कुणाशी बोलायला नको, कुणी हवापाण्याचंही विचारत नाही. आणि तरी मला तिथे रडू यायचं, आता का ते सांगता येत नाही. सगळ्यांत आधी हार्डवेअर बंद झालं. मांजर न्हाव्याने नेलं. मग बेकरी गेली, तिथे मोबाइलचं दुकान आलं, मग तेही गेलं. लोकांकडे डिजिटल कॅमेरे आले आणि फोटोवाल्याने एका सकाळी काचेला आतून तपकिरी कागद लावला. दिसायला गाव तसंच, फक्त संध्याकाळी दिवे कमी लागायचे, तोंडातले दात पडावेत तसे. लोइस म्हणायची, हे काही नाही केटी, हे गाव आधीही असंच दोनदा मेलंय.

पण तेव्हाच कधीतरी तिच्या सांगण्यात गडबड व्हायला लागली. ते जळलेलं थिएटर तिच्या बोलण्यात एकदम पुलाकडे गेलं. बुटांचं दुकान कधी बँकेशेजारी, कधी नुसतं होतं कुठेतरी. मला वाटायचं, म्हणावं, नाही लोइस, ते इकडे होतं, फोटोवाल्याकडे. मी तागा गुंडाळत राहायचे. एकदा ती बोलता बोलता थांबली. कात्री तशीच कापडात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, काय सांगत होते गं मी? आणि स्वतःच म्हणाली, तुला काय विचारतेय मी वेडी. मला तर ठाऊक होतं ती काय सांगत होती. पुढचं वाक्यसुद्धा ठाऊक होतं. त्या रात्री मी जेवले नाही. निनाद म्हणाला, अगं सांगून टाक एकदाचं. मी म्हटलं, तिने मला बसचं सांगितलंय रे. कुठली बस? म्हणाला. मी म्हटलं, ते मी तुलाही सांगणार नाही.

यंदा वसंतात निनादच्या कारखान्याने माणसं कमी केली आणि त्याला टेक्ससमध्ये नोकरी मिळाली. म्हणून आता आम्ही इथे शुगर लँडला. इथे मेन स्ट्रीट कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, सगळं गाडीने, आणि बाहेर पडलं की गरम ओला टॉवेल तोंडावर ठेवल्यासारखी हवा. बरं आहे, मराठी माणसं भरपूर आहेत, आणि मी हल्ली लोकांशी बोलते. मघाशी दारात त्या शेजारणीशी बोलले ना, बघितलंत तुम्ही. म्हणजे बरंच आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून तो शेवटचा दिवस सांगते.

लोइसने दुकान बंद केलं आणि कॅरल तिला ओहायोला न्यायला आली. कॅरल चांगली बाई, घाईतली. माझ्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायची. सगळं सामान गेलं होतं, भिंतींवर नुसत्या फळ्यांच्या खुणा राहिल्या होत्या. मी निरोप घ्यायला गेले होते, म्हणजे लोइसचा हात धरून उभी राहायला. कॅरलने तिला गाडीपाशी आणलं, दार उघडलं, आणि लोइस बसेना. समोर बँकेशेजारी गाड्या लावायची मोकळी जागा आहे, नुसतं डांबर आणि पांढऱ्या रेघा, तिकडे बघत राहिली. म्हणाली, इथे काहीतरी होतं. कॅरल, इथे काय होतं गं? कॅरल म्हणाली, काही नव्हतं मॉम, मला आठवतंय तसं पार्किंगच आहे. नाही, काहीतरी होतं, लोइस म्हणाली. कॅरल म्हणाली, बस आता, उशीर होतोय, काही नव्हतं तिथे.

आणि लोइसचा चेहरा बदलायला लागला. तिला ते खरं वाटायला लागलं, की काही नव्हतं. मला दिसत होतं ते, एकेक वीट ढासळावी तसं. कॅरलला त्या जागेचं माहीतच नव्हतं, तिच्या जन्माआधी पडलेलं ते. पृथ्वीवर आता एकटी मीच होते जिला ते माहीत होतं, आणि गाडी सुरू होती. लोइसला माझं सगळं कळणार होतं, बसचंसुद्धा मी ऐकलंय हे कळणार होतं, कदाचित ती पुन्हा माझ्याकडे बघणारही नव्हती. मी तिचा हात सोडला नाही. माझा आवाज मला ओळखू आला नाही, जरा जास्तच मोठा निघाला, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, सगळे उच्चार जागच्या जागी.

मी म्हटलं, होतं, लोइस. इथे टोप्यांचं दुकान होतं, दोघी बहिणींचं. थोरली मापं घ्यायची, धाकटी आरसा धरायची, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत, म्हणून काही सांगायचं झालं तर मधल्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. तू पंधरा-सोळा वर्षांची होतीस, तू निळी टोपी घेतलीस, आणि रस्त्यापर्यंत जाऊन पुन्हा आत आलीस, फक्त आरशात बघायला. पण पुढे त्या टोपीचं काय झालं ते तू सांगितलं नाहीस. तेव्हा एक बाई झिप घ्यायला आली आणि तू उठलीस. सांग ना, काय झालं पुढे?