स्कूटरच्या स्वेटरची फाईल

...नाही, पण मी म्हणतो, पुसलं म्हणजे पुसलं ना? दिनांक एकोणीस एप्रिल, सकाळी नऊला चौतीस अंश, वारा शून्य, आणि मी घामाने निथळत तीच फाईल पाचव्यांदा पुसतोय! फळ्यावरचं पुसलं की जातं, चष्म्यावरचं पुसलं की जातं, मग हिलाच काय धाड भरलीय?

तुम्हाला सांगतो, मी रोजनिशी लिहितो. कॉम्प्युटरवर. वीस वर्षं, एक दिवस खाडा नाही. तारीख, हवामान, घरात कोण काय बोललं, सगळं. आता एवढ्या नोंदी एका मशीनवर कशाला ठेवायच्या म्हणून ताईच्या मुलीने, माझ्या भाचीने, पॅसेजमध्ये एक नेटवर्क ड्राइव्ह बसवून दिला. आम्ही त्याला डबा म्हणतो. माझा लॅपटॉप, बायकोचा म्हणजे हिचा कॉम्प्युटर, दोन्हींतल्या फायली आपोआप डब्यात जातात, डब्यातल्या दोन्हींत येतात, आणि हॉलमधल्या टीव्हीवर मोठ्या अक्षरांत वाचताही येतात. झकास! पण पुसायचं कसं, ते कोणी सांगितलं का? नाही!

आणि आज दुपारी ताई येणार. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. आईच्या शेवटच्या वर्षात ती फार लांब होती, येऊ शकली नाही. म्हणून म्हणाली, "तू सगळं लिहून ठेवलंयस ना, मला टीव्हीवर वाचायचंय." वाच की! पण त्याच फोल्डरात बारा वर्षांपूर्वीची एक नोंद आहे. तशीच्या तशी सांगतो: "ताईने विणलेला स्वेटर आला. एका बाहीत मी अख्खा मावतो, दुसरीत मनगट अडकतं. स्कूटरला घातला. हँडल दोन्ही बाह्यांत गेलं, दिवा गळ्यातून बाहेर आला. अगदी मापाचा."

आणि गेली बारा वर्षं ताई फोनवर विचारते, "स्वेटर घालतोस ना रे?" आणि मी म्हणतो, "रोज!"

म्हणून पुसायला बसलो. लॅपटॉपवरून पुसली. मिनिटाने हजर! डब्यातून पुसली, तर हिच्या कॉम्प्युटरने दिली आणून. हिच्या कॉम्प्युटरवरून पुसायला धावलो, तोवर डब्याने दोघांनाही वाटली! मी या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून पॅसेजमध्ये... ही म्हणते, "अहो, एवढ्या उन्हाळ्यात घरातल्या घरात शर्यत कसली लावलीय?" मी म्हटलं, पुसलं म्हणजे पुसलं ना? ती म्हणाली, "काय सांडलंत?"

शेवटी भाचीला फोन केला. आता तिच्याच आईची भानगड, तिला कशी सांगणार?

"मामा, कोणती फाईल?"

"अशीच गं... हवामानाची."

"हवामान कशाला पुसताय?"

"चुकलं होतं तेव्हा!"

ती म्हणाली, "मामा, तुम्ही पुसलीत की हरवली, हे ड्राइव्हला कसं कळणार? हरवली समजून तो परत देतो. सेटिंगमध्ये 'पुसलेलं सगळीकडे पुसा' असं आहे, तिथे टिक करा. पण जपून हं, मग तो थांबत नाही."

केली टिक. पुसली. तीनही ठिकाणांहून गेली! नाचलोच मी. आणि मग... सवय हो, सवय! वीस वर्षांत खाडा नाही ना, आजच्या पानावर लगेच लिहिलं: "अकरा चाळीस. स्वेटरची नोंद कायमची पुसली. तिच्यात असं लिहिलं होतं की..." आणि पुढे सगळं! हँडलसकट! दिव्यासकट! मिनिटभरात तीनही ठिकाणी पोचलं. आतून ही ओरडली, "अहो, स्कूटरचं हे काय आलंय माझ्याकडे?"

आता हे पान पुसायला गेलो, तोच दारावर बेल. ही ओरडली, "ताई आल्या!" घाईत बोट फाईलऐवजी फोल्डरवर पडलं. लॅपटॉपने विचारलं, सगळं पुसायचं? मी म्हटलं, हो रे बाबा, हो! आणि वीस वर्षं गेली. लॅपटॉप रिकामा, डबा रिकामा, हिचा कॉम्प्युटर रिकामा. आता मात्र पुसलं म्हणजे पुसलं!

ताई दारातच म्हणाली, "पाणी नंतर. आधी आईचं दाखव. शेवटी शेवटी काय बोलायची रे ती?"

काय दाखवू? मी बाथरूममध्ये शिरलो, नळ सोडला, भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, रडू नका. डब्याला स्वतःची कचरापेटी आहे. फक्त एकेक निवडता येणार नाही, येईल ते अख्खं फोल्डर येईल, आजच्या पानासकट."

"अख्खं?"

"अख्खं. हवामानासकट."

बाहेर ताई चष्मा पुसत टीव्हीसमोर बसलेली. पर्स मांडीवर, हात पर्सवर. परीक्षेच्या हॉलमध्ये बसायची, अगदी तशी. काय करणार हो? दाबलं बटण.

आलं सगळं. आणि टीव्हीवर सर्वांत नवं पान सर्वांत वर! ताईने ते वर्गात वाचायच्या आवाजात वाचलं, शेवटपर्यंत. ही स्वयंपाकघरात पळाली. मी पंख्याकडे बघत उभा.

"दिवा गळ्यातून बाहेर येतो?"

"हो, ताई."

"काचत नाही ना कुठे?"

"नाही, ताई."

"मग तुलाच काय होतं रे न बसायला? आण तो इकडे."

सायंकाळी सहा. तापमान छत्तीस अंश, वारा शून्य. परत आलेल्या नोंदी सात हजार तीनशे बारा, पुसलेली एकही नाही. ताई आईचं बेचाळिसावं पान वाचते आहे. स्कूटर उघडी आहे. स्वेटर माझ्या अंगात आहे.