बादशहाला मुजरा

भिया, आमच्या देवासात गाव एक आणि राजे दोन. दोघांचाही शब्द म्हणजे कायदा. एकदा मामांकडे गोरा साहेब चहाला आला. मामा थोरल्या राजांचे मानकरी. त्यांनी विचारलं, “तुमच्या बादशहानं मनात आणलं तर माणूस तुरुंगात?”

“छे! ते न्यायाधीशाचं काम.”

“मग कायदा तरी तोच करतो ना?”

“कायदा लोकांची सभा करते. बादशहा मंजुरी देतो.”

“नाही दिली तर?”

“देतोच. तसा रिवाज आहे.”

मामा थक्क झाले. “अर्धी पृथ्वी ज्याची, तो नुसत्या रिवाजानं बांधलेला!” उठून त्यांनी बादशहाच्या तसबिरीला वाकून मुजरा केला.

साहेब गेल्यावर मी म्हणालो, “मामा, हे आपल्या राजांना सांगायला हवं.”

मामांनी आधी दार लोटलं. “हळू बोल रे! इथं ऐकणारे दोन आहेत.”