आवाज येईपर्यंत कुणी बोलायचं नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय महिपतराव, संस्थेचे सचिव श्रीयुत कौस्तुभजी, आमच्या मुख्याध्यापिका सुचेताताई, व्यासपीठावरचे विश्वस्त, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आमचे कॉम्प्युटरचे ऑगस्टीन सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या मार्सेलिनताई, माझे सहकारी, पालक मंडळी, आणि सरांच्या गावाहून, डोंगरीहून, रिक्षा करून आलेली त्यांची माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

निवेदकांनी माझी ओळख 'मराठीच्या ज्येष्ठ शिक्षिका' अशी करून दिली. शाळेत ज्येष्ठ कुणाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जिला काही सांगायला गेलं तर उलट ऐकून घ्यावं लागतं, तिला. सकाळी मला सांगण्यात आलं, "बाई, दोन शब्द बोला, आणि गोड बोला." संक्रांत लांब आहे, तरी प्रयत्न करते.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. स्टाफरूममधला तो जुना डबा सुरू झाला नाही की मी त्याला चापट मारायची. ऑगस्टीन सर दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "बाई, मारू नका. त्याला काय होतं ते आधी विचारा." आता डब्याला काय विचारायचं? तर सर यायचे, भिंतीतला प्लग हलवून बघायचे, मागची वायर घट्ट करायचे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम व्हायचं. नाहीच झालं, तर प्लग काढून सुरू करायचं बटण जरा वेळ दाबून धरायचे. आत उरलेली वीज जाऊ दे, म्हणायचे. मग पुन्हा प्लग लावून बटण दाबायचे आणि बोट वर करून मला गप्प करायचे. मला! आजवरच्या एकाही मुख्याध्यापकांना जे जमलं नाही ते.

मग तो डबा एकदा 'टुक' करायचा. सर हसायचे. "ऐकलंत? एकच आवाज. म्हणजे सगळं ठीक हाय." आणि तो सारखा सारखा टुकटुकत राहिला, तर आतली मेमरीची पट्टी सैल झालीय. ती काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं, पुन्हा बसवायची. आवाजच आला नाही आणि पंखाही फिरला नाही, तर वीजच पोचत नाही. पंखा फिरतोय, आवाजही आला, पण पडदा काळा, तर मशीनला शिव्या देऊ नका, मॉनिटरची वायर बघा. मराठीची बाई असून मला एवढं पाठ झालं, तर त्यांच्या मुलांना किती आलं असेल?

त्यांच्या लॅबमध्ये एकच नियम होता. भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण सगळ्या शाळेला माहीत होता. बटण दाबल्यावर, आवाज येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. माझा वर्ग शेजारी. आमच्याकडे कविता चालायची तेव्हा मुलं गोंधळ घालायची आणि भिंतीपलीकडे सिल्व्हर पार्कपासून काशीगावपर्यंतची सगळी द्वाड पोरं श्वास रोखून एका डब्याकडे कान लावून बसलेली असायची. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू?

आज संस्थेने सरांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि भेट म्हणून गाणी वाजवणारा एक छानसा स्पीकर दिला. ज्यांनी कुणी तो निवडला, त्यांच्या कल्पकतेला माझा दंडवत. कारण ऑगस्टीन सरांना ऐकू येत नाही. एका कानाने अजिबात नाही, दुसऱ्याने असून नसल्यासारखं. या हॉलमध्ये हे माहीत नाही असं आता कुणी उरलेलं नाही, पण आतापर्यंत जेवढी भाषणं झाली त्यात ही गोष्ट सगळ्यांनी इतक्या सभ्यपणे टाळली, की मला वाटलं कुणीतरी एकदा सरळ बोलायला हवं. पत्रिकेत 'स्वेच्छानिवृत्ती' छापलंय. त्या शब्दातल्या स्वेच्छेबद्दलच मला बोलायचंय.

सरांचे कान एका दिवसात गेले नाहीत. समुद्र किनारा खातो ना, तसे गेले. आधी स्टाफरूममधली हाक ऐकू येईना, तेव्हा लोक म्हणाले, माणूस शिष्ट झालाय. मग फोन घेणं बंद झालं. निवृत्तीला अजून वर्षं होती, घरी मुलीचं, लिनेटचं, नर्सिंगचं शिक्षण चाललेलं, आणि ज्या माणसाचं सगळं काम कानावर, त्याने कान गेले हे कुणाला आणि कसं सांगायचं? ते मशीनवर हात ठेवून बघायला लागले. पंखा फिरतोय की नाही ते तळव्याला कळतं. पण तो 'टुक' तळव्याला कळत नाही.

तो त्यांना कसा कळायचा? नववीच्या मुलांनी ते मला नंतर सांगितलं. सर बटण दाबून वर बघायचे, मुलांच्या चेहऱ्यांकडे. मुलांच्या ते कधी लक्षात आलं, कुणाच्या आधी लक्षात आलं, त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. पण एक दिवस पिंकीने, आमची काशीगावची पिंकी, हनुवटीखाली एक बोट धरलं. एकच आवाज आला, म्हणून. सरांनी बघितलं आणि पुढे शिकवायला लागले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाने बोट धरलं. सारखा आवाज आला तर पंजा हलवायचा, काहीच नाही आलं तर मूठ. कुणी कुणाला सांगितलं नाही. सरांनी विचारलं नाही. मी पिंकीला म्हटलं, "अगं, मला तरी सांगायचंस." तर म्हणते, "मॅडम, सरांना वाटलं असतं ना, आम्हाला समजलंय. मग त्यांना कसं वाटलं असतं?"

मी इतकी वर्षं संवेदनशीलता या विषयावर निबंध तपासतेय. असलं वाक्य एकाही वहीत सापडलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती झाकलेली राहायला मुठीतली सगळी बोटं हवीत, आणि सहावीच्या मुलांना या खुणा माहीत नव्हत्या. त्यांना माहीत होता फक्त नियम.

त्या दिवशी लॅबमध्ये सहावीचा वर्ग होता. एक मशीन काही केल्या सुरू होईना. सर जमिनीवर बसून त्याचं मागचं झाकण उघडून आत बघत होते, मुलांकडे पाठ. कोपऱ्यातल्या टेबलाखाली तो यूपीएस, वीज गेली तर थोडा वेळ सगळी मशीनं चालू ठेवणारा, तो कोकलायला लागला. आतली बॅटरी फुगली होती. थांबून थांबून नव्हे, एकसारखा कोकलत होता. माझ्या वर्गात ऐकू आला. मला वाटलं, सर बघतायत ना. सहावीच्या मुलांनाही तेच वाटलं. मशीन बोलतंय, सर ऐकतायत, आपण गप्प बसायचं. इतकी शहाणी मुलं हो! धूर यायला लागला तरी तोंडातून ब्र काढला नाही कुणी. शेवटी पुढच्या बाकावरचा रोहित उठला आणि त्याने प्लग ओढला. तो वितळत आलेला होता. रोहितचा तळवा भाजला.

देवाच्या कृपेने जखम भरली. रोहितचे वडील इथे बसलेत. त्यांनी सरांना एका शब्दाने दुखावलं नाही, हे मी सर्वांसमोर कृतज्ञतेने सांगते.

पण सरांनी स्वतःला क्षमा केली नाही. मशीन जुनं होतं, बॅटरी बदलायला त्यांनी कितीदा सांगितलं होतं, हे सगळं त्यांना म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. चौकशीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला ऐकायला येत न्हाय. पोराचा हात माझ्यामुळं भाजला." एवढंच बोलून बसले. प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण कौस्तुभजींनी एक फार तर्कशुद्ध प्रश्न विचारला. ऐकू येत नाही, तर एवढे दिवस लॅब चालली कशी? मग नववीच्या मुलांना बोलावलं. आणि ती गाढवं, ती माझी गुणी गाढवं, छाती पुढे काढून सगळं सांगून मोकळी झाली. त्यांना वाटलं, शाबासकी मिळणार आहे.

त्याला चौकशी समितीच्या भाषेत 'शाळेची हेतुपुरस्सर फसवणूक' असं नाव मिळालं. मी भाषेची शिक्षिका आहे. शब्द शुद्ध होते, माझी काही तक्रार नाही.

तेव्हा ऑगस्टीन सर दुसऱ्यांदा उभे राहिले. त्यांच्यापुढे कागदावर प्रश्न लिहून ठेवत होते, तो कागद त्यांनी बाजूला सारला. म्हणाले, "खुणा मीच शिकवल्या त्यांना. मीच सांगितलं, कुणाला बोलू नका. पोरं काय करणार? सर सांगतील ते करणार." मंडळी, पत्रावळीवर जेवताना शेजाऱ्याला मीठसुद्धा न मागणारा हा माणूस. मुलांकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि तेही इतकं सराईतपणे, की समितीने लगेच लिहून घेतलं.

मग कार्यालयात बोलणं झालं. सरांनी स्वतःहून जायचं, आणि मुलांना कुणी हात लावायचा नाही. वह्यांत शेरा नाही, दाखल्यावर शेरा नाही. सुचेताताई तिथे होत्या. कौस्तुभजींनी शब्द दिला. सरांनी त्यांच्या ओठांकडे बघत तो शब्द वाचला, आणि सही केली. ही ती स्वेच्छा.

आता मला जरा पाणी द्या कुणीतरी. धन्यवाद.

इथपर्यंत बोलायचं आणि सरांना शुभेच्छा देऊन बसायचं, असं मी ठरवलं होतं. पण आज दुपारी पिंकीची आई, दुर्गाबाई, मला शाळेच्या फाटकावर भेटल्या. हातात मोबाइल. सोमवारी पाल्यासह हजर राहा, पाल्याचा फसवणुकीत सहभाग होता अशा मजकुरावर सही करा, असा शाळेचा मेसेज. दाखल्यावरच्या 'वर्तणूक' या रकान्यात काय लिहायचं ते त्यानंतर ठरणार आहे म्हणे. सगळ्या नववीच्या पालकांना तो गेलाय. दुर्गाबाई मला विचारत होत्या, "बाई, माझ्या पोरीने चोरी केली काय? सरको सुनाई नहीं देता, तो बताया उसने. यात सही कसली करायची?" चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी दरवर्षी शिकवते. पण इथे तर संन्यासी स्वतःहून फासावर गेला, आणि तरीही पोरांसाठी दुसरा दोर वळला जातोय.

नववीची मुलं आज हॉलमध्ये नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांना जागेअभावी बोलावलं नाही, असं मला कळलं. मागच्या चार रांगा रिकाम्या आहेत.

अध्यक्ष महोदय, मी रागाने बोलत नाहीये. म्हणजे, राग आहे. फार आहे. पण बघा, मी हसतेय. माझे ओठ सरांना वाचता येऊ नयेत म्हणून तोंड तुमच्याकडे वळवून, चेहरा हसरा ठेवून बोलतेय, कारण सर आपल्या सगळ्यांकडे बघतायत. त्या माणसाला हॉलमधलं काही ऐकू येत नाही, कानातलं मशीन घातलं तर नुसता गोंगाट होतो म्हणून त्यांनी ते खिशात ठेवलंय. पण चेहरे त्यांना वाचता येतात. तेव्हा कौस्तुभजी, मान खाली घालू नका. सुचेताताई, डोळे नंतर पुसा. रोहितचे बाबा, तुम्हीसुद्धा.

माझी मागणी लहान आहे. तो मेसेज सोमवारच्या आत मागे घ्यावा. घेतला नाही, तर दुर्गाबाईंबरोबर मीही सोमवारी येईन, आणि सहीच्या जागी मी सही करीन, की या मुलांची वर्तणूक मी पाहिली आहे आणि एवढी चांगली वर्तणूक या शाळेत दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. मग माझाही असाच एक समारंभ करा. स्पीकर मला चालेल.

मार्सेलिनताई, तुमच्याकडे एक मागणं आहे. रिक्षात बसल्यावर सर तुम्हाला विचारतील, रसिकाबाई एवढा वेळ काय बोलत होत्या? त्यांना सांगा, तुमचं कौतुक करत होत्या. खोडरबराची गोष्ट सांगत होत्या. मुलांचं सगळं ठीक आहे, असं सांगा. तो शब्द मोडला, हे त्यांना कळू देऊ नका. त्यांनी नोकरी देऊन तेवढी एकच गोष्ट घेतली आहे.

वेळ दिल्याबद्दल संस्थेचे आभार, माइक बंद न केल्याबद्दल निवेदकांचे आभार. गोड बोलायला सांगितलं होतं, ते जमलं नाही. वयाने मोठ्यांनी पोटात घालावं, लहानांनी विसरून जावं. आता मी हात जोडते. आपण सर्वांनी टाळ्या वाजवा. जोरात नकोत, हात उंच करून वाजवा, म्हणजे त्यांना दिसतील.